स्थावर जमिनीचा प्रवास

महसुली व दिवाणी कागदांत मालमत्तेचे दोन भेद करतात: जंगम व स्थावर. जें उचलून नेतां येतें तें जंगम, आणि जें जागचें हालत नाहीं तें स्थावर. बैल, गाडी, दागिना हीं जंगम. शेत, विहीर, घर हीं स्थावर. आमची सारी नोकरी या दुसऱ्या प्रकारच्या नोंदी लिहिण्यांत गेली, आणि बांधाचा दगड हातभर इकडचा कीं तिकडचा एवढ्यावरून सख्ख्या भावांत वर्षानुवर्षें चाललेले दावे आम्हीं पाहिले. अशा विषयांत मुरलेल्या वाचकांपुढें आज आम्ही असें विधान मांडीत आहों कीं, ज्या भूमींत तो दगड रोवलेला आहे ती भूमीच मुळीं स्थावर नाहीं. आपला सारा देश दरवर्षीं सुमारें पांच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच, ईशान्येकडे सरकत आहे. शेजाऱ्याचें शेतहि त्याच दिशेनें तितकेंच सरकत असल्यामुळें बांधाचा वाद त्यानें वाढत नाहीं कीं मिटत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

हीं पुराणांतलीं वांगीं पुराणांतच राहूं द्या, असें कोणी म्हणेल. परंतु दाव्यांत ज्याप्रमाणें कोणाच्या सांगण्यावर न जातां पुरावा पाहावयाचा असतो, त्याप्रमाणें येथेंहि पुरावाच पाहावा, एवढीच आमची विनंति आहे. शिवाय हा केवळ विद्वानांच्या करमणुकीचा विषय नव्हे. ‘आमच्याकडची जमीन हालत नाहीं’ या समजुतीवर बांधलेलीं घरें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत आपल्याच धन्यांच्या अंगावर कोसळलीं. म्हणून प्रथम पायाखालीं काय आहे तें पाहूं, नंतर तें चालतें कसें तें पाहूं, आणि शेवटीं त्याचा आपल्या घरादाराशीं काय संबंध आहे तें सांगूं.

विहिरीच्या तळाखालीं

पृथ्वीच्या पृष्ठापासून तिचा मध्य सुमारें ६,३७१ किलोमीटर खोल आहे. आपल्या विहिरी पांचपंचवीस मीटरांच्या, आणि विंधनविहिरी कांहीं शें फुटांच्या. म्हैसूरकडील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ सालीं बंद पडल्या, त्या सुमारें तीन किलोमीटरांपर्यंत गेल्या होत्या. मनुष्यानें केवळ शोधासाठीं पाडलेलें एक अति खोल छिद्र रशियांतील कोला द्वीपकल्पांत आहे. तें १९८९ सालीं १२,२६२ मीटरांवर पोंचलें. एवढ्या खटाटोपानें गांठलेली ही खोली पृथ्वीच्या त्रिज्येचा पांचशेवा हिस्साहि भरत नाहीं. पृथ्वीस आंबा मानलें, तर सालहि पुरती भेदली गेली नाहीं. मग आंतील गराची व कोयीची वार्ता कळली कशी?

तीन साक्षीदारांनीं ती सांगितली. पहिला साक्षीदार वजनाचा. १७९८ सालीं इंग्लंडांत हेन्री कॅव्हेंडिश यानें शिशाचे गोळे एकमेकांस किती ओढतात हें अत्यंत नाजूक काट्यानें मोजून त्यावरून साऱ्या पृथ्वीचें वजन ठरविलें. पृथ्वी सरासरीनें पाण्याच्या सुमारें साडेपांच पट जड निघाली. आपल्या डोळ्यांपुढील खडक मात्र पाण्याच्या अडीच ते तीन पटच जड असतात. पोत्याच्या तोंडाशीं हलकें धान्य दिसावें आणि सारें पोतें मात्र दुप्पट भरावें, तर तळाशीं कांहींतरी भारी घातलेलें आहे हें हमालहि ओळखतो. तेव्हां पृथ्वीच्या पोटांत दगडाहून पुष्कळ जड, म्हणजे लोखंडासारखा पदार्थ असला पाहिजे, हें त्याच वेळीं दिसून आलें.

दुसरा साक्षीदार ओळंब्याचा, आणि तो हिंदुस्थानांतच मिळाला. एकोणिसाव्या शतकांत देशाची त्रिकोणमापनाची महामोजणी चालली असतां, हिमालयाकडील कलियाना व मध्य हिंदुस्थानांतील कलियानपूर या दोन ठिकाणांमधील अंतर दोन रीतींनीं काढलें. एक जमिनीवरील मापांनीं, दुसरें ताऱ्यांच्या वेधांनीं. दोहोंत सव्वापांच विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारें दीडशे मीटरांचा फरक पडला. मोजणीदारांची चूक नव्हती; वेधाच्या वेळीं जो ओळंबा धरावा लागतो त्यास हिमालय आपल्याकडे ओढीत होता. परंतु आर्चडीकन प्रॅट यानें १८५५ सालीं हिशेब केला, तेव्हां उलटेंच कोडें निघालें. एवढ्या प्रचंड पर्वतानें ओळंबा सुमारें सोळा विकला ओढावयास पाहिजे होता, तो जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका ओढला. त्याच वर्षीं जॉर्ज एअरी यानें उलगडा केला. पाण्यांत तरंगणारा ओंडका जितका वर दिसतो त्याहून अधिक खालीं बुडालेला असतो. तसेंच पर्वताच्या खालीं हलक्या खडकाचें खोल मूळ असून तें जड खडकांत बुडालेलें आहे. आज आपण जाणतों कीं हिमालय व तिबेट यांखालीं हलक्या खडकाचा थर सुमारें सत्तर किलोमीटरांपर्यंत जाड आहे. इतर भूमीखालीं तो साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर, आणि महासागरांच्या तळाखालीं अवघा सहासात किलोमीटर आहे.

तिसरा व सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे भूकंपाची लहर. मडकें घेतांना आपण टिचकी मारून पाहतों आणि आवाजावरून तें भाजलेलें कीं कच्चें, अखंड कीं चिरलेलें, तें ओळखतों. पृथ्वीस अशी टिचकी मारण्याचें सामर्थ्य भूकंपांत आहे. १२ जून १८९७ रोजीं आसामांत मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणांतील रिचर्ड ओल्डहॅम यांनीं त्याच्या दूरदेशीं उमटलेल्या नोंदी तपासल्या, तेव्हां लहरी एकाच जातीच्या नाहींत हें त्यांस आढळलें. पहिली लहर मालगाडीच्या डब्यांस मागून दिलेल्या धक्क्याप्रमाणें पुढें पुढें रेटीत जाते. ती घन व द्रव दोहोंतून जाते. दुसरी, दोरीचें टोक झटकलें असतां जशी नागमोडी लाट धावते तशी आडवी हालत जाते. ती मागाहून पोंचते, आणि द्रवांतून तिला मुळींच जातां येत नाहीं. १९०६ सालीं ओल्डहॅम यांनीं दाखविलें कीं, पृथ्वीच्या मध्यांतून जाणाऱ्या लहरींची चाल मंदावते, अर्थात् तेथें निराळ्या पदार्थाचा गाभा आहे. क्रोएशियांत १९०९ सालच्या भूकंपावरून मोहोरोविचिच यानें वरच्या कवचाची खालची सीमा शोधली. दुसऱ्या जातीची लहर गाभ्यापलीकडे उमटत नाहीं, यावरून गाभा पातळ असल्याचें पुढें ठरलें. आणि १९३६ सालीं डेन्मार्कच्या इंगे लेमन या विदुषीनें त्या पातळ गाभ्याच्याहि पोटांत एक घन गोळा असल्याचें दाखवून दिलें.

तिघांच्या जबान्या जुळवून जो पंचनामा तयार होतो तो असा. सर्वांत वर कवच. त्याखालीं सुमारें २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जड खडकाचें प्रावरण. त्याखालीं सुमारें ५,१५० किलोमीटरांपर्यंत वितळलेल्या लोखंडाचा व थोड्या निकेलचा बाह्य गाभा. आणि अगदीं मध्यें सुमारें १,२२० किलोमीटर त्रिज्येचा घन लोखंडी गोळा, ज्याची उष्णता पांच हजार अंशांच्या वर आहे. बाह्य गाभ्यांतील लोखंडाच्या खळबळीमुळेंच पृथ्वीस चुंबकत्व येतें, आणि होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते.

येथें एक समजूत दूर केली पाहिजे. प्रावरण म्हणजे रटरटणारा लाव्हा, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं, तें घनच आहे. परंतु गुळाची ढेप जशी बत्त्यानें फोडली तर टणकन फुटते, आणि तीच उन्हापावसांत महिनोन्‌महिने पडून राहिली तर बसत व पसरत जाते, तशी त्या तप्त खडकाची गत आहे. घाईच्या धक्क्यास तो दगड आहे. लक्षावधि वर्षांच्या दाबास तो गूळ आहे. त्याच्या वरचा, कवचासह सुमारें शंभर किलोमीटर जाडीचा थर थंड व ताठ असून तो फुटून त्याचे मोठमोठे तुकडे झालेले आहेत. त्यांस भूपट्ट म्हणतात. आपण ज्यावर नांगर चालवितों तो असाच एक भूपट्ट होय.

एका नंबराचे पोटहिस्से

चार भाऊ चार ठिकाणीं शेत कसतात. हीं चारी शेतें पूर्वीं एकाच मूळ नंबराचे पोटहिस्से होतीं, हें जुना कागद हरवला असतां कसें ठरवाल? बांध एकमेकांस जुळतात कीं नाहीं तें पाहाल. एका शेतांतला मुरमाचा पट्टा दुसऱ्यांत पुढें चालू आहे काय, तें पाहाल. नेमका असाच तपास आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानें केला, आणि ६ जानेवारी १९१२ रोजीं फ्रँकफुर्ट येथें आपलें म्हणणें मांडलें कीं, आजचीं खंडें पूर्वीं एकत्र होतीं व मागाहून दूर गेलीं.

दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यांत कसा बसतो, हें नकाशा पाहणाऱ्या शाळकरी मुलासहि दिसतें. परंतु नुसता आकार हा दुबळा पुरावा. बळकट पुरावा खडकांतील अवशेषांचा. जिभेच्या आकाराचीं पानें असलेली ग्लॉसोप्टेरिस नांवाची एक वनस्पति पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीं होती. तिचे ठसे आपल्या नागपूरजवळील कामठीच्या वालुकाश्मांत सांपडतात. आणि तेच दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेंहि सांपडतात. दक्षिण ध्रुवावरून परततांना १९१२ सालीं कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती बर्फांत मरण पावले. शेवटपर्यंत त्यांनीं जे सुमारें सोळा किलो दगड ओढून आणले होते त्यांतहि याच पानाचे ठसे निघाले. लिस्ट्रोसॉरस नांवाचा डुकराएवढा सरपटणारा प्राणी दामोदर नदीच्या खोऱ्यांत, आफ्रिकेंत आणि अंटार्क्टिकावर अशा तिन्ही ठिकाणीं दगडांत मिळाला आहे. तो समुद्र पोहून गेला, असें कोण म्हणेल?

त्याहून नवलाची साक्ष बर्फाची. ओरिसांतील तालचेर येथें बर्फाच्या नद्यांनीं वाहून आणलेले गोटे १८५६ सालीं ओळखले गेले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांत पैनगंगेच्या कांठीं चुनखडीच्या खडकावर त्याच बर्फानें घासून पाडलेल्या रेघा आहेत. उन्हाळ्यांत जेथें अंगाची लाही होते त्या चंद्रपुरांत एके काळीं बर्फाचे जाड थर सरकत होते! तसलेच ओरखडे आफ्रिकेंत, ब्राझिलांत व ऑस्ट्रेलियांत त्याच काळच्या खडकांवर आहेत. हे सारे प्रदेश दक्षिण ध्रुवाभोंवतीं एकत्र मांडले म्हणजे हा ताळा बसतो. आजच्या जागीं ठेवले तर बसत नाहीं. त्या एकत्रित मूळ नंबराचें नांवहि आपल्याच भूमीवरून पडलें आहे. मध्य भारतांतील गोंडांच्या मुलुखावरून तेथील खडकांस गोंडवन म्हणूं लागले, आणि एडुआर्ड झ्यूस या भूशास्त्रज्ञानें त्या प्राचीन महाखंडास गोंडवनभूमि हें नांव दिलें. वर्धा खोऱ्यांतील बल्लारपूर-घुग्घुसचा कोळसा हा त्याच गोंडवनांतील अरण्यांचा अवशेष आहे.

इतका पुरावा असूनहि वेगेनरचा दावा त्या काळीं निघाला नाहीं. खंडें कोणत्या बळानें चालतात, हा प्रश्न विचारला गेला व त्याचें उत्तर त्याच्याजवळ नव्हतें. नोव्हेंबर १९३० मध्यें ग्रीनलंडच्या बर्फांत तो मरण पावला. आर्थर होम्स या इंग्रज शास्त्रज्ञानें त्याच सुमारास उत्तर सुचविलें. चुलीवरच्या आमटींत तळचें तापलेलें पाणी वर येतें, बाजूंस पसरतें, निवतें व पुन्हां खालीं जातें. तसेंच प्रावरण अत्यंत मंदपणें फिरत असतें. परंतु त्यासहि प्रत्यक्ष पुरावा पाहिजे होता, आणि तो जमिनीवर नव्हे, समुद्राच्या तळाशीं मिळाला.

समुद्रतळाची वही

दुसऱ्या महायुद्धानंतर मेरी थार्प व ब्रूस हीझन यांनीं समुद्राच्या खोलीच्या नोंदींवरून नकाशे काढले, तेव्हां महासागरांच्या मधोमध हजारों किलोमीटर पसरलेली पर्वतरांग व तिच्या माथ्यावर फट दिसली. १९६२ सालीं हॅरी हेस यानें सांगितलें कीं, त्या फटींतून तप्त रस वर येऊन नवा समुद्रतळ तयार होतो आणि दोहों बाजूंस सरकतो.

हें सिद्ध झालें तें चुंबकत्वावरून. लाव्हा थिजतांना त्यांतील लोहाचे बारीक कण त्या वेळच्या चुंबकीय दिशेस तोंड करून कायमचे बसतात. पृथ्वीचें चुंबकत्व अधूनमधून उलटें होतें. उत्तरेचें दक्षिण व दक्षिणेचें उत्तर. म्हणून जो तळ ज्या काळीं थिजला त्या काळची दिशा त्यांत लिहिली जाते. फ्रेडरिक व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनीं १९६३ सालीं आपल्या अरबी समुद्राच्या नैर्ऋत्येस असलेल्या कार्ल्सबर्ग रांगेवरील मोजमापांचा असाच अर्थ लावला. रांगेच्या दोन्ही बाजूंस सुलट-उलट असे पट्टे जोडीजोडीनें असावेत, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें तें इतर रांगांवरहि खरें ठरलें. फटीपासून जितकें दूर जावें तितका तळ जुना. भूमीवर तीनशे कोटी वर्षांहून जुने खडक आहेत; समुद्रतळाचा खडक मात्र सामान्यतः वीस कोटी वर्षांहून जुना सांपडत नाहीं, कारण जुना तळ दुसऱ्या कांठास पुन्हां पृथ्वीच्या पोटांत जात असतो.

आपल्या काळ्या पाषाणाची साक्ष

आतां आपल्या शिवारांत येऊं. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तो सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भेगांतून वर आलेला लाव्हा होय. थरावर थर पसरत गेले. म्हणून सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, आणि त्यावरूनच या खडकास पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ट्रॅप असें म्हणतात. विहीर खणतांना पाषाणाच्या दोन थरांमध्यें तांबूस मातीचा पट्टा लागतो, हें पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. एक थर पसरून निवाल्यावर त्याची माती होण्याइतका काळ गेला, मग दुसरा थर त्यावर आला; तो तांबूस पट्टा म्हणजे मधल्या काळची जुनी जमीन.

याच पाषाणांत आपल्या प्रवासाचा दाखला आहे. चुंबकाची सुई मोकळी टांगली असतां विषुववृत्तावर आडवी राहते, आणि ध्रुवाकडे जावें तसतशी अधिक कलते. उत्तर गोलार्धांत तिचें एक टोंक खालीं जातें, तर दक्षिण गोलार्धांत दुसरें. म्हणून पाषाणांतील कणांचा कल मोजला कीं तो कोणत्या अक्षांशावर थिजला तें कळतें. १९५० नंतरच्या दहा वर्षांत इंग्लंडांतील शास्त्रज्ञांनीं, व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील डॉइच, राधाकृष्णमूर्ति व सहस्रबुद्धे यांनीं, दख्खनच्या पाषाणाचीं अशीं मापें घेतलीं. निष्कर्ष असा कीं, हा पाषाण थिजला तेव्हां आपला प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस पुष्कळ दूर, वीस ते तीस अंशांच्या दरम्यान, होता. ज्या तप्त उगमावरून आपला भूपट्ट त्या वेळीं जात होता तो उगम आज मॉरिशसजवळील रेयुनियाँ बेटाखालीं धगधगत आहे, आणि लखदीव-मालदीवची ओळ ही त्या मार्गावरील खूण आहे, असें बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

त्रैराशिक कोणीहि करून पाहावें. दक्षिणेस पंचवीस अंश व उत्तरेस वीस अंश मिळून पंचेचाळीस अंश, म्हणजे सुमारें पांच हजार किलोमीटर. तें अंतर ६ कोटी ६० लाख वर्षांत कापलें, तर वर्षास सरासरी साडेसात सेंटिमीटर पडतात. आरंभीं वेग याच्या दुपटीपर्यंत होता. सुमारें पांच कोटी वर्षांपूर्वीं भारताची आशियाशीं टक्कर झाली आणि तो मंदावला. मधल्या समुद्राचा तळ चेपून वर उचलला गेला, तोच हिमालय. याची खूण वाचकांपैकीं कित्येकांच्या देव्हाऱ्यांतच आहे. गंडकीच्या पात्रांतून येणाऱ्या शाळिग्रामांत जें चक्र दिसतें, तें प्राचीन समुद्रांतील शंखवर्गी प्राण्याच्या कवचाचें आहे. त्याच्या पूज्यतेस यानें बाध येत नाहीं; उलट, समुद्राचा जीव हिमालयांत कसा पोंचला याचा इतिहास त्यांत साठविलेला आहे.

आणि आतां तर अनुमानाची गरजहि उरली नाहीं. मोजणीवाले हल्लीं रोव्हर नांवाचें जें यंत्र बांधावर आणतात, तें उपग्रहांच्या संकेतांवर चालतें. त्याच जातीचीं अधिक सूक्ष्म यंत्रें बंगळूर, हैदराबाद इत्यादि ठिकाणीं खडकांत कायम बसवून वर्षानुवर्षें नोंद घेतलेली आहे. भारत दरसाल सुमारें पांच सेंटिमीटर ईशान्येस जात आहे, हें त्यांनीं प्रत्यक्ष मोजलें. वीस वर्षांत एक मीटर झाला. म्हणून सूक्ष्म मोजणींत अंकांबरोबर तारीखहि लिहावी लागते.

किल्लारी

पुढें रेटणारी भूमि समोर अडली म्हणजे ताण केवळ हिमालयांतच राहत नाहीं. गाडीचा दांडा पुढें अडला, तर मागचीं जुनीं सांधलेलीं लाकडेंहि करकरतात. आपल्या काळ्या पाषाणाखालीं अतिप्राचीन ग्रॅनाइटासारखा खडक आहे. किल्लारी येथें छिद्र पाडून पाहिलें तेव्हां पाषाणाची जाडी सुमारें ३४० मीटर निघाली. कोयनेजवळ ती सुमारें सव्वा किलोमीटर आहे. त्या खालच्या खडकांत जुन्या भेगा आहेत, आणि शतकानुशतकें साठलेला ताण एखादे वेळीं अशा भेगेवर मोकळा होतो.

कोयनेस ११ डिसेंबर १९६७ रोजीं भूकंप झाला. सुमारें पावणेदोनशे माणसें गेलीं. तेथें धरणाच्या पाण्याचा भार व भेगांत मुरलेलें पाणी यांनीं आधींच ताणलेल्या खडकास निमित्त दिलें, असें शास्त्रज्ञ मानतात. किल्लारीस मात्र असें मोठें धरण शेजारीं नव्हतें. तो प्रदेश तत्कालीन सरकारी नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. अनंतचतुर्दशीचें विसर्जन करून गांवें झोपलीं होतीं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूमि हालली, आणि सुमारें आठ हजार माणसें मृत्यु पावलीं. भूकंपाचें मान ६.२ होतें. तेवढ्या मानाचे भूकंप जपानांत वारंवार होतात व तेथें इतकी प्राणहानि क्वचितच होते. नकाशांतील सर्वांत सौम्य पट्टाच २००२ सालीं काढून टाकण्यांत आला व तो भाग वरच्या पट्ट्यांत घातला गेला. परंतु गेलेलीं माणसें परत आलीं नाहींत.

त्यांस भूमीनें मारलें नाहीं, भिंतींनीं मारलें. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, बाहेरून व आंतून दगडाचे दोन पदर, मध्यें भर, जोडास चिखल. वर लांकडी माळवद आणि त्यावर दरवर्षीं घातलेली माती. अशी भिंत भार सोसते, ऊन व थंडी अडवते, चोरास दाद देत नाहीं. परंतु आडव्या हिसक्यास तिचे दोन पदर सुटतात, आणि वरचें जड माळवद निजलेल्या माणसांवर येतें. आमच्या वाडवडिलांनीं मूर्खपणानें असें बांधलें नाहीं. जमीन स्थावर आहे या विश्वासावर त्यांनीं बांधलें, आणि त्यांच्या आयुष्यांत तो खोटा ठरला नाहीं. आतां आपणांस ठाऊक असूनहि तसेंच बांधलें, तर दोष आपला.

उपाय फार खर्चाचे नाहींत. दगडी भिंत बांधावयाचीच तर दर कांहीं फुटांवर दोन्ही पदरांस धरून ठेवणारा आरपार लांब दगड घालावा. कोपऱ्यांचे दगड एकमेकांत गुंतवावे. जोडास चिखलाऐवजीं सिमेंटाचा कालवा घ्यावा. जोत्यावर, दाराखिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखालीं असा तीन ठिकाणीं, लोखंडी गज घातलेला सिमेंटाचा अखंड पट्टा साऱ्या घराभोंवतीं फिरवावा. पेटीस जशी पत्र्याची पट्टी आवळतात, तसा तो भिंतींस आवळून धरतो. दारें-खिडक्या कोपऱ्यांस लागून ठेवूं नयेत. जुन्या घरासहि यांपैकीं पुष्कळ गोष्टी मागाहून करतां येतात. त्या जाणत्या अभियंत्यास दाखवून कराव्या. भूकंप अमुक दिवशीं येईल असें सांगणारी विद्या आजहि कोणाजवळ नाहीं, आणि तसें सांगणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये.

आणि ज्यांस यंदा घरासाठीं एक पैहि काढणें शक्य नाहीं, त्यांनीं एवढें तरी करावें. पावसाळा संपला, सुगीच्या कामांतून दोन दिवस मोकळे मिळाले, म्हणजे शिडी लावून माळवदावर चढावें व तेथें किती माती सांचली आहे तें पाहावें. वर्षानुवर्षें भर घालून ती कित्येक घरांवर हातभर झालेली आहे. जादा माती उतरवून ती वीतभर ठेवावी, आणि गळूं नये म्हणून तिच्याखालीं प्लास्टिकचा जाड कागद अंथरावा. उतरविलेली माती परसांत पसरतां येईल. घरावरून जितका भार उतरेल तितका तो आपल्या मुलाबाळांच्या डोक्यावरून उतरेल.